बटणांची बरणी

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला आणि कागद पालथा करून टेबलावर ठेवला, तेव्हाच मुंगीच्या आईला कळलं की रक्ततपासणीतला आकडा उतरलेला नाही. उतरला असता तर बाईंनी तो पोरीसमोर मिरवला असता, टाळीसाठी हात पुढे केला असता. त्याऐवजी त्यांनी मुंगीला कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर खेळायला पाठवलं.

"घरातच कुठून तरी पोटात जातंय," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "थोडं थोडं, पण रोज. एकदाच चुकून खाल्लं असतं तर आकडा असा चिकटून बसला नसता."

"मी सगळं वाचून आणते."

"माहीत आहे मला. तुमच्याइतकी वाचणारी आई माझ्याकडे दुसरी नाही. तरी जातंय. पुढच्या तपासणीपर्यंत सापडलं नाही तर पुन्हा दुर्बीण घालून बघावं लागेल."

दुर्बीण म्हणजे पोरीला भूल देऊन घशातून खाली आतड्यापर्यंत नळी. मागच्या खेपेला भूल उतरताना मुंगीने आईला ओळखलंच नव्हतं, जवळ घ्यायला गेली तर हात झिडकारला होता. आईने पालथा कागद उचलून पर्समध्ये घातला.

मुंगीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. बाकी सगळीकडे ती मुंगीच. एक तर अंगाने काडी, आणि दुसरं म्हणजे गोडाचा वास तिला बंद दाराआडूनही लागायचा. तिच्या आतड्याला ग्लूटेन सोसत नाही हे कळलं तेव्हा ती बालवाडीत होती. गहू, जव, राय, यांतलं कुठलंही धान्य पोटात गेलं की आतलं अस्तर झिजायचं आणि खाल्लेलं अंगी लागायचं नाही. मग घरातून पाव गेला, बिस्किटं गेली, केक गेला. वाढदिवसांना जाणंही हळूहळू गेलं, कारण तिथे मुंगी भिंतीला टेकून उभी राहायची आणि कुणी काही पुढे केलं की, "मला नको, माझं पोट भरलंय," असं मोठ्या माणसासारखं म्हणायची. ते ऐकवत नसे.

उरली होती ती बटणं.

बटणं म्हणजे चॉकलेटच्या चपट्या गोल गोळ्या, वर रंगीत साखरेचं कवच. पिवळ्या पाकिटातली. प्रत्येक दुकानात, प्रत्येक दप्तरात. त्या वर्षी मुंगीच्या आईने बटणांचा असा पिच्छा पुरवला होता की बस. पाकीट उलटून वाचलं, भिंगातून वाचलं, कंपनीला फोन केला, समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. शेवटी खात्री पटली की त्यात यातलं काही नाही, अंशही नाही. तिने ते मुंगीला सांगितलं तेव्हा पोरगी हरखली नाही. तिने बटण तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "सगळ्यांचं आहे तेच? की माझ्यासाठी वेगळं?"

"सगळ्यांचं आहे तेच."

तेव्हापासून शाळेतून येताना बटणांची मूठ ठरलेली. मोठ्या पाकिटातून बटणं काचेच्या बरणीत, बरणीतून आईच्या पर्समधल्या डबीत, डबीतून मुंगीच्या हातात. आज दवाखान्यातून परत येतानाही तिने हात पुढे केला आणि आईने डबी उघडली. हिरवं बटण शेवटी खायचं, हा मुंगीचा नियम.

"डॉक्टरबाई रागावल्या का?"

"नाही गं. तू नीट चाल, चिखल आहे."

मुंगीची आई नोकरीलाही वाचायचंच काम करत होती. एका छापखान्यात औषधांची खोकी आणि आतली घडीची पत्रकं छापली जायची, त्यांची प्रूफं ती तपासायची. दिवसभर बारीक अक्षर आणि संध्याकाळी दुकानात पुन्हा तेच. वस्तू हातात यायच्या आधीच तिची पाठ उलटलेली असायची. नवरा म्हणायचा, "लग्नातसुद्धा हिने मला आधी पाठमोरा करून बघितलं असेल."

छापखान्यात महत्त्वाचं काम दोघांनी वाचायचं अशी रीत होती. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मजकुरावर बोट ठेवून ऐकायचं. कारण एकट्याचा डोळा लबाड असतो, पाठ झालेलं तो वाचतच नाही, नुसता वरून घसरत जातो. वाचनखात्यातले काका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक जुनं खोकं दाखवायचे. त्याच्या पाठीवरचा खसखशीएवढ्या अक्षरांतला मजकूर तिघांनी तपासला होता, एक अनुस्वार चुकला नव्हता. आणि पुढे, ठळक ढब्बू अक्षरात, औषधाचंच नाव चुकलं होतं.

"तिकडे कुणी बघतच नाही हो," काका म्हणायचे. "आपल्याला वाटतं, एवढं मोठं आहे, ते काय चुकणार."

मुंगीच्या आईनेही ही गोष्ट नव्या मुलींना रंगवून सांगितली होती.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराचे सगळे खण उघडले आणि ओट्यापाशी उभी राहिली. कुठून सुरुवात करायची? तांदळाचं पीठ तिच्यासमोर दळलेलं. मसाल्याचं पाकीट, सॉसची बाटली, दात घासायची पेस्ट, खोकल्याचं औषध, सगळं पूर्वीच तपासलेलं. वस्तू निर्दोष निघाल्या की मग उरतात माणसं.

घरात मोठी माणसं तीन. नवरा शिफ्टवर, दुपारी जाणार आणि मुंगी झोपल्यावर येणार; त्याला चोरून खाऊ घालायलासुद्धा वेळ नव्हता. राहिल्या सासूबाई.

सासूबाईंचा जन्म पाव भाजण्यात गेला होता. त्यांच्या वडिलांची भट्टी होती आणि त्यांच्या हाताला पिठाची ओढ होती. नातीचं निदान झालं त्या आठवड्यात त्यांनी पावाचे साचे धुवून, पुसून, शेजारणीला देऊन टाकले. पण पाव सोडणं त्यांना जमलं नाही. रोज सकाळी त्या बेकरीतून एक छोटा पाव आणायच्या आणि घरात चुरा सांडू नये म्हणून बाहेर जिन्यावर उभ्या राहून खायच्या. चहाचा कप कठड्यावर. मग साडी झटकायच्या, हात धुवायच्या आणि आत यायच्या. येणारे-जाणारे विचारायचे, "काय आजी, सुनेने बाहेर काढलं का?" त्या म्हणायच्या, "हो ना, आता तुमच्याकडेच येते."

"अहो आई," ती त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की. एवढं तोंड का उतरलंय? काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

"घरातूनच काहीतरी जातंय म्हणाल्या." ती थांबली. "तुम्ही पाव खाल्ल्यावर हात साबणाने धुता ना? नुसते पाण्याखाली धरत नाही ना?"

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी त्यांनी पूर्ण केली.

"साबणाने," त्या म्हणाल्या.

"आणि साडी? पदराला वगैरे राहत असेल. ती तुमच्या मांडीवर लोळते..."

"राहत असेल बाई. मला काय दिसतंय आता एवढं."

एवढंच झालं. आवाज चढला नाही, भांडं आपटलं नाही. पण रात्रीच्या जेवणाआधी सासूबाईंनी आपल्या लेकीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "काही नाही गं, सहजच. चार दिवस राहीन म्हणते. चार नाही, महिनाभर. पोरीची तपासणी होईपर्यंत."

नवरा फोनवर म्हणाला, "तू आईला असं सरळ विचारलंस?"

"मग कसं विचारायचं? तिरकं?"

"तसं नाही गं."

"तू सांग, दुसऱ्या कुणाकडून जात असेल. सांग ना. मी दमलेय रे. मला कुणावर संशय घ्यायची हौस नाही."

फोनमधून यंत्रांचा आवाज येत राहिला.

दुसरा दिवस सुट्टीचा. सासूबाईंची बॅग दाराशी भरून उभी होती. दुपारच्या गाडीने त्या जाणार होत्या. मुंगीची आई फोन घेऊन ओट्यापाशी बसली आणि डोळ्यांत तेल घालून एकेक कंपनी पुन्हा तपासू लागली. सॉसवाले जेवायला गेले होते. पेस्टवाल्यांचं संगीत वाजत राहिलं. बटणांवर तिचा संशय नव्हता. पण बरणी समोरच होती आणि कुणीतरी फोन उचलला तरी पुरे, अशा अवस्थेला ती आली होती.

बरणीवर तिने स्वतः पाकिटाची पाठ कापून चिकटवली होती, पारदर्शक पट्टीखाली. पाकिटाची वाटणीच तशी ठरलेली. पाठ आईची, आणि पिवळी चकचकीत पुढची बाजू मुंगीची. सुरुवातीला ती प्रत्येक नव्या पाकिटाची पाठ जुन्यावर चिकटवायची. मग तोच मजकूर, तीच यादी. तिने ते सोडून दिलं. दुकानात पाकीट उलटून नजर फिरवली की झालं.

"नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू शकते?" पलीकडची मुलगी अगदी कोवळी वाटत होती.

"तुमच्या साध्या बटणांत गहू, जव, राय, काही आहे का?"

"मॅडम, पाकिटावर जे छापलंय तेच आमचं उत्तर असतं."

"मी पाकिटावरचंच वाचतेय. साखर, कोको, दुधाची पावडर, वनस्पती तेल, रंग. बस."

"मग तसंच मॅडम."

"तसंच म्हणजे? नाही ना?"

"मॅडम, पाकिटावर नसेल तर नसतं. असेल तर असतं." तिला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण तिने घाईने पुढे विचारलं, "पाकीट ताजं आहे ना पण?"

"परवाच आणलंय."

"मग काही काळजी नाही मॅडम."

तिने फोन ठेवला आणि कपाळ बरणीच्या गार काचेला टेकवलं. बाहेरच्या खोलीत सासूबाई मुंगीला सांगत होत्या की, आत्याकडे मांजर आहे आणि मांजराचा फोटो पाठवीन.

"तू कशाला जातेस?" मुंगी म्हणाली.

"माझ्या पदरात चुरा असतो म्हणून."

"मग पदर काढून ठेव."

"आणि काय घालू, तुझा फ्रॉक?"

मुंगी खुदकन हसली, पण लगेच तिने विषय बदलला, जसा ती नेहमी बदलायची. "आजी, जायच्या आधी माझं घर बघ. छप्पर पुरं झालं."

घर म्हणजे मिक्सरचं खोकं. त्याला कापून दार-खिडक्या केल्या होत्या आणि छपरावर बटणांच्या पाकिटांच्या पुढच्या बाजू कौलांसारख्या एकावर एक चिकटवल्या होत्या. पिवळंधमक छप्पर. मुंगी ते ओढत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन आली, म्हणजे आईलाही बघणं भाग पडावं.

"छान झालंय," आई न बघता म्हणाली.

"छान नाही झालंय. खालची कौलं चांगली आहेत. वरची मला आवडत नाहीत, पण तीच उरली होती."

"का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ह्याच्यावर लाल चांदणी आहे. सगळा पिवळा रंग बिघडतो."

"काय लिहिलंय चांदणीत? मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

मुंगी नुकतीच वाचायला शिकली होती आणि अक्षरं ढकलगाडीसारखी ढकलत न्यायची. "न-वी. च-व. नवी चव. आ-ता. आ-ण-खी. कु-र... कुर... कुरकुरीत."

आईने मान वर केली.

ती उठली आणि दारात उकिडवी बसली. खालच्या रांगांमध्ये नुसतं नाव होतं, जसं ती वर्षानुवर्षं बघत आली होती. बघत कसली, तिने कधी बघितलंच नव्हतं. मधल्या एका रांगेपासून वरच्या टोकापर्यंत, प्रत्येक कौलाच्या कोपऱ्यात, तिच्या अंगठ्यापेक्षा मोठी लाल चांदणी होती. कुणालाही रस्त्यापलीकडून दिसेल अशी.

"ही कौलं कधीची गं?"

"पावसाळी बूट आणले ना, तेव्हापासूनची."

म्हणजे मागच्या तपासणीच्याही आधीची.

कपाटात परवा आणलेलं पाकीट होतं, अजून न फोडलेलं. तिने ते काढलं, उलटलं आणि वाचायला लागली. साखर, कोको, दुधाची... आणि तिच्या लक्षात आलं की डोळा पुढे निघून गेलाय. अक्षरं बघायच्या आधीच शब्द मनात उमटत होते. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. दुकानात असंच झालं असणार. दर वेळी.

तिने पाकीट मुंगीपुढे धरलं. "तू वाच. मोठ्याने. मी बोट ठेवते."

"सगळं?"

"सगळं. एकही शब्द गाळायचा नाही."

मुंगी आईला टेकून बसली. सासूबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मुंगी वाचू लागली आणि आईचं बोट तिच्या आवाजामागून सरकू लागलं. साखर. कोको. दुधाची पावडर. वनस्पती तेल. एकेका शब्दाला इतका वेळ लागत होता की मधल्या मधे चहा उकळून झाला असता.

"बा-र-ली," मुंगी म्हणाली. "मा-ल... माल्ट. आई, बार्ली माल्ट म्हणजे काय?"

बोट तिथेच थांबलं. ते शब्द तेवढेच काळे होते, बाकीच्या शब्दांएवढेच. लपवलेले नव्हते.

"जव," आई म्हणाली. "जवाचा अर्क. कुरकुरीत लागावं म्हणून घालतात."

मुंगीला तिची यादी पाठ होती. गहू, जव, राय. तिने पाकिटाकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग आईकडे.

"पण हे तर तू वाचलं होतंस."

"हो. वाचलं होतं." तिला पुढचं वाक्य जमवायला वेळ लागला. "पूर्वी नव्हतं त्यात. नंतर आलं. आणि मला वाटलं मला पाठ आहे."

"मग रोज मला तूच देत होतीस?"

"मीच देत होते."

मुंगी रडली नाही. तिने ओठ आत घेतले आणि वजनकाट्यावर उभी राहते तशी ताठ बसली. आईला वाटलं, हिने आत्ता, "माझं पोट भरलंय," म्हटलं तर आपण काय करायचं. पण मुंगी म्हणाली, "डबीतलं हिरवं राहिलंय. कालचं. ते पण नाही?"

"ते पण नाही."

"बाहुलीला चालेल?"

"बाहुलीला काहीही चालतं."

सासूबाईंकडे बघायला मुंगीच्या आईची मान वर होईना. तिने पाकीट ओट्यावर ठेवलं, हात धुतले, साबणाने, मग उगाच पुन्हा धुतले.

"अहो आई..."

"गाडी चुकेल माझी," सासूबाई म्हणाल्या.

"जाऊ नका."

"बॅग भरलीय मी. रात्री गुडघे धरून भरलीय. आता रिकामी कोण करणार?"

"मी करते."

"घड्या मोडशील."

"मोडणार नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी तुम्हाला नको ते विचारलं."

सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. "विचारायलाच हवं होतंस. पोरीचा प्रश्न आहे. पण विचारताना माझ्या हातांकडे बघत होतीस, ते नको होतं." मग त्या उठल्या. "बॅग राहू दे. लेकीला कळवलंय, ती वाट बघेल. दोन दिवस जाऊन येते. महिना नाही. मांजराचा फोटोही पाठवायचा कबूल केलाय."

त्या गेल्या. जिन्याच्या वळणावरून त्यांनी वर बघून हात हलवला, दुसऱ्या हाताने साडीचा पदर झटकत. तेव्हा पावही नव्हता आणि चुराही नव्हता.

मुंगीच्या आईने बरणी रिकामी केली. उकळत्या पाण्याने धुतली आणि बरणीवरची पट्टी नखाने खरवडून काढली. पट्टी निघता निघेना. चिकट डाग राहिलाच. डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सापडलं ना? मग आता आकडा उतरतो का बघू." दुर्बिणीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि हिनेही विचारलं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मुंगीने सवयीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दोघी दुकानात गेल्या. चॉकलेटांच्या मांडणीपुढे आईने एक पाकीट काढलं. निळ्या रंगाचं, साध्या वड्यांचं, कधी न घेतलेलं. तिच्या मनगटाने ते सवयीने उलटायला घेतलं होतं. तिने ते थांबवलं आणि पुढची बाजू पोरीसमोर धरली.

"आधी ही."

मुंगीने वाचलं. नाव, वजन, कोपऱ्यात काय लिहिलंय ते, खाली बारीक ठशात काय लिहिलंय ते. मग पाकीट उलटलं आणि आईने बोट ठेवलं. मागे एक गृहस्थ ढकलगाडी घेऊन उभे होते. ते खाकरले.

"शाळेचा अभ्यास इथेच का हो?" ते म्हणाले.

"हो," मुंगीची आई म्हणाली. "जरा वेळ लागेल."

ते बाजूने निघून गेले. मुंगी एका शब्दापाशी अडकली होती. जोडाक्षर अवघड होतं. तिने ते एकदा ढकललं, सरकेना, पुन्हा पहिल्या अक्षरापाशी आली. आईला तो शब्द दिसत होता, ओठांवर आला होता. पाय दुखत होते, पर्सचा पट्टा खांद्यात रुतत होता, घरी जाऊन स्वयंपाक व्हायचा होता.

तिने तो शब्द सांगितला नाही. बोट तिथेच ठेवून ती वाट बघत राहिली.